मदत हवी आहे: आईच्या खुब्याची वाटी कॅन्सरने पोखरलीय, ऑपरेशन करावं का?

नमस्कार. तासगावजवळच्या गावातून लिहितोय. आई ६३ वर्षांची. सहा वर्षांपूर्वी स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, केमो झाली. दिवाळीनंतर उजव्या जांघेत दुखायला लागलं. एका दवाखान्यात दोन महिने ‘सायटिका’ म्हणून इंजेक्शनं दिली. जुना कॅन्सर सांगूनही साधा एक्स-रे काढला नाही. असो, आता चिडून काय उपयोग.

गेल्या महिन्यात बेदाण्याच्या शेडकडे जाताना आई मटकन खाली बसली ती बसलीच. पडली नाही, घसरली नाही. मिरजेत एमआरआय केला, मग पेट स्कॅन. उजव्या खुब्याची वाटी पोखरून तडकलीय. फुप्फुस, यकृत साफ.

एक डॉक्टर म्हणतात सिमेंट भरून खुबा बदलू, दुसरे म्हणतात नुसतं रेडिएशन द्या. कॉट सोप्यात आणलीय, तिथून ती बेदाणे निवडणाऱ्या बायकांवर ओरडत असते. कुशीवर वळवताना मात्र उशीचा कोपरा दातात धरते. म्हणते, “कापायचं तर कापा, पण संडासला तरी माझी मला जाऊ दे.” वडील हाडवैद्याकडे मालिशला न्यायचं म्हणतात.

कुणाच्या घरी हे झालंय का? मुंबईला न्यावं का?

प्रतिसाद (मिरजकर सिस्टर)
दादा, मालिश आधी थांबवा. हाड आणखी मोडेल.

रेडिएशनने दुखणं उतरतं, पण त्याला दोन-चार आठवडे लागतात आणि मोडलेल्या वाटीला आधार मिळत नाही. तुम्ही द्राक्षवाले, म्हणून सांगते: मांडवाचा अँगल मोडला की फवारणीने मांडव उभा राहत नाही. असं हाड जुळून येईल म्हणून वाट बघण्यात अर्थ नसतो. म्हणून वरच्या धड हाडात जाड पिना रोवतात, पोकळीत सिमेंट भरतात, त्यात नवी वाटी बसवतात. हाडांचे सर्जन हॅरिंग्टन यांनी १९८१ मध्ये ही पद्धत मांडली, आता तिचे बरेच प्रकार आहेत. काही जणांचं बारीक छेदांतून स्क्रू आणि सिमेंट घालूनही भागतं. जखम भरल्यावर रेडिएशन बहुतेक वेळा द्यावंच लागतं, त्यामुळे ‘हे की ते’ असा वाद नाही.

खरा प्रश्न भूल सोसेल का आणि कॅन्सरवर पुढची औषधं काय उरलीत हा. हाडांचे आणि कॅन्सरचे डॉक्टर एकत्र बसवा. मुंबईला लगेच हलवू नका, टाटाच्या डॉक्टरांचं मत रिपोर्ट पाठवून ऑनलाइन घेता येतं. झोलेड्रोनिक अ‍ॅसिड (हाड आणखी पोखरू नये म्हणूनचं इंजेक्शन) द्यायचं ठरलं तर आधी दात दाखवा.

आणि रक्तातलं कॅल्शियम तपासलंय का? ते वाढलं की खूप तहान लागते, पोट साफ होत नाही, माणूस असंबद्ध बोलतो.

धागाकर्ता
ताई, वडिलांना वाचून दाखवलं, मालिश रद्द. कॅल्शियम तपासलेलं नाही. काल रात्री आई मला मामाच्या नावाने हाक मारत होती, आम्हाला वाटलं गोळीची गुंगी. गाडी काढलीय, सांगलीला निघालोय.