रोहूच्या पोटातला फुगा आधी फुफ्फुस होता म्हणे, मग मधल्या माशांनी काय केलं?

उजनीकाठचा:
रविवारी उजनीचा रोहू आणला, दोन किलोचा. साफ करायचं काम आमच्याकडं माझंच असतंय. आतनं तो पांढरा फुगा निघाला, मधी आवळलेला, दोन कप्प्यांचा, पोरानं लगेच पायाखाली घेऊन फट्टकन फोडला (आम्ही पण हेच करायचो) आणि विचारलं पप्पा हे कशाला असतंय. म्हटलं तरंगायला. तर त्याची ताई, अकरावी सायन्स, आतनंच वरडली की ते आधी फुफ्फुस होतं. आता मला सांगा, फुफ्फुसाचा फुगा व्हायला लाखो वर्षं गेली असणार, मग मधल्या माशांकडं अर्धं हे अर्धं ते, ना धड श्वास ना धड तरंगणं, ते मेले कसे नाहीत? नीट सांगा, लिंका टाकू नका.

झूलॉजीवाली:
लेक बरोबर आहे दादा. आणि तुम्ही एकटे नाही, इथं खुद्द डार्विन उलटं लिहून बसला होता, १८५९ च्या पुस्तकात त्यानं फुग्याचं फुफ्फुस झालं असं मांडलंय. आता उलट मानतात, कारण आफ्रिकेतला बिचिर नावाचा मासा, लंगफिश आणि आपण, तिघांकडं फुफ्फुसं आहेत, म्हणजे ती आपल्या सगळ्यांच्या जुन्या पूर्वजाकडंच होती.
तुमच्या प्रश्नातली गडबड "अर्धं" या शब्दात आहे. हवेनं भरलेली पिशवी पोटात असली की मासा हलका होतोच की, त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही. म्हणजे फुफ्फुस पहिल्या दिवसापासून फुगा पण होतंच. ज्यांचं कल्ल्यांवर भागत होतं त्यांच्यात श्वासाचं काम हळूहळू सुटलं, तरंगायचं राहिलं. पुढच्या वेळी फोडायच्या आधी नीट बघा, फुग्यातनं एक बारीक नळी निघून अन्ननलिकेला जाते, हवा गिळायच्या दिवसांची वाट अजून उघडीच आहे.

सातरस्ता:
का बे मग हे आधीच ठरलेलं असतंय का, पुढं तरंगायला लागणार म्हणून आधी पिशवी करून ठेवली?

झूलॉजीवाली:
नाही हो. पूर्वी याला "पूर्वानुकूलन" म्हणायचे, त्या "पूर्व"मुळंच सगळ्यांना असं वाटतं. म्हणून १९८२ ला गूल्ड आणि व्हर्बा या दोघा शास्त्रज्ञांनी एक्झॅप्टेशन हा नवा शब्द काढला, म्हणजे एका कामाची गोष्ट पुढं दुसऱ्याच कामाला लागणं. घरातली जुनी चादर बघा, पांघरायची विरली की हुरड्याला शेतात अंथरायला जाते, ती विणताना मागावरच्या माणसानं हुरड्याचा विचार केलेला नसतो. फक्त चादर आपण उचलून नेतो, इथं उचलणारं कुणी नाही, ज्याचं त्यातल्या त्यात बरं चाललं त्याची पिल्लं जास्त जगली एवढंच.

कडकभाकरी:
मी दातांचा डॉक्टर, मासा खात नाही पण जबड्याचं सांगतो. कानाच्या पुढं बोट ठेवून तोंड उघडा, सांधा हलतोय ना? सरड्यांचा जबड्याचा सांधा ज्या दोन हाडांचा असतो ती दोन हाडं आपल्यात मधल्या कानात गेलीत, हातोडी आणि ऐरण. तिथंपण हाच प्रश्न, मधल्यांनी चावायचं कसं? तर मॉर्गॅन्युकोडॉन म्हणून साधारण २० कोटी वर्षांपूर्वीचा उंदराएवढा प्राणी सापडलाय, त्याच्या जबड्याला दोन्ही सांधे एकदम होते, जुना पण चालू नवा पण चालू. नव्यानं भार घेतला तेव्हा जुनी हाडं ऐकायच्या कामाला मोकळी झाली. ती आधीपासून थोडीफार कंपनं आत पोचवतच असणार, असं मला वाटतं.

झूलॉजीवाली:
डॉक्टर, मग रोहूचं ऐकाच. त्याचा फुगा पण कानाला लागलाय! डोक्याच्या लगेच मागं पहिल्या काही मणक्यांपासनं झालेली बारीक हाडं असतात, वेबरची हाडं म्हणतात, पाण्यातल्या आवाजानं फुगा थरथरला की ती थरथर हाडांतनं आतल्या कानात जाते. म्हणजे श्वास, मग तरंगणं, वर ऐकणं, आणि मणके बिचारे वेगळ्याच कामाला आलेले.

उजनीकाठचा:
आयला. मॅडम हे दोन दिवस आधी सांगायचं की. डोक्याचं कालवण केलं, हाडं सगळी मांजरानं नेली. येत्या रविवारी परत आणतो, पोराला सांगितलंय फुग्याला हात लावायचा नाही.