'द गुड प्लेस' बघावी का, कशी बघावी आणि कुठे अडतं

(कोथरूडमधल्या एका सोसायटीचा 'नाटक-सिनेमा-मालिका' ग्रुप, शनिवार संध्याकाळ)

गौरी, बी-२०४: चार-पाच जणांनी विचारलंय म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. 'द गुड प्लेस' ही २०१६ ते २०२० या काळात एनबीसीवर चाललेली अमेरिकन मालिका. चार सीझन, जोडभाग वेगळे मोजले तर ५३ भाग, एकेक साधारण २२ मिनिटांचा. पहिला सीझन १३ भागांचा, म्हणजे पावणेपाच तासांत उरकतो. नायिका एलेनॉर सुरुवातीलाच मेलेली आहे. डोळे उघडते ते एका टापटीप, हसऱ्या वस्तीत. ३२२ माणसं, सगळी पुण्यवान म्हणून निवडलेली. हिची निवड मात्र चुकून झाली आहे आणि सुरुवातीला ते तिला एकटीलाच ठाऊक आहे.

देशपांडे काका, ए-१०१: आमचे तीन भाग झाले. मरणावर विनोद म्हटल्यावर जरा धास्तीच होती, पण अंगावर असं काही आलं नाही. उलट फार गोडगोड वाटतंय. जिकडे बघावं तिकडे फ्रोझन योगर्ट आणि हसरे चेहरे. पुढे काही घडतं का?

गौरी, बी-२०४: काका, बरेच जण नेमके इथेच सोडतात. सोडू नका. तो गोडवा मुद्दाम ठेवलाय, कारण तेराव्या भागात कळतं. मधला एकही भाग गाळू नका. एक भाग ज्या क्षणी तुटतो, पुढचा बहुतेक वेळा तिथूनच सुरू होतो. मागून हसण्याचे आवाजही नाहीत, त्यामुळे लक्ष देऊनच बघावी लागते. भाजी निवडता निवडता अर्धे विनोद निसटतील.

निखिल, सी-५०३: लावण्याआधी दोन कामं करा. ब्राउझरमधून नेटफ्लिक्सच्या प्रोफाइल सेटिंगमध्ये जाऊन ऑटोप्लेच्या दोन्ही टिक काढा, पुढचा भाग आपोआप लागण्याची आणि प्रीव्ह्यू सुरू होण्याची. आणि दुसऱ्या सीझनची यादी उघडूच नका. भागाखालचं दोन ओळींचं वर्णन वाचलं तरी पहिल्याचा शेवट फुटतो. पात्राचं नाव गूगलवर टाकलं तरी तेच.

सुमेधा काकू, ए-३०२: मग क्लबहाउसमध्ये प्रोजेक्टरवरच लावूया ना सगळ्यांसाठी.

निखिल, सी-५०३: काकू, नेटफ्लिक्सचं खातं घरातल्या घरात बघण्यापुरतंच असतं, त्यांच्या अटींत तसं स्पष्ट आहे. आपापल्या घरी बघू आणि रविवारी सहाला क्लबहाउसमध्ये नुसती चर्चा करू. आठवड्याला चार भाग धरले तर तीन आठवड्यांत बारा होतात, चौथ्या रविवारसाठी फक्त तेरावा ठेवू. तो वेगळा, स्वतंत्र बघण्यासारखा आहे.

सुमेधा काकू, ए-३०२: चालेल. मुलांना दाखवायची का?

गौरी, बी-२०४: तेरा वर्षांपुढच्यांना खुशाल दाखवा. त्या वस्तीत शिवी तोंडातून निघतच नाही, तिच्या जागी भलताच साधा शब्द बाहेर पडतो. फक्त दुसऱ्या सीझनमधला 'द ट्रॉली प्रॉब्लेम' आधी स्वतः बघा. फिलिपा फुट यांनी १९६७ मध्ये मांडलेला प्रश्न आहे: ब्रेक निकामी झालेली ट्रॉली, एका रुळावर पाच माणसं, दुसऱ्यावर एक, चालकाने काय करावं? मालिकेत तो प्रसंग खरोखर घडवून दाखवलाय, रक्ताच्या चिळकांड्यांसकट. या भागाला २०१८ चं ह्यूगो (विज्ञानकथा आणि कल्पनारम्य कलाकृतींसाठीचं) पारितोषिक मिळालं आणि ते योग्यच होतं. पुस्तकातला प्रश्न अंगाशी आला की माणूस कसा गडबडतो, ते इतक्या नेमकेपणाने क्वचितच कुठे दाखवलं असेल.

अनघा, सी-७०३: स्पॉयलर! तेरा भाग झालेल्यांनीच पुढे वाचा.
.
.
.
ती वस्ती स्वर्ग नाही, नरक आहे. वस्तीचा आर्किटेक्ट मायकल हा राक्षस, आणि एलेनॉर, चिडी, तहानी, जेसन या चौघांनी एकमेकांना छळावं हा त्याचा नवा प्रयोग. हे कळल्यावर पहिला सीझन पुन्हा लावा, कारण सगळे पुरावे आपल्या डोळ्यांसमोरच मांडलेले असतात. एलेनॉरला जोकर आवडत नाहीत, घरभर जोकरांचीच चित्रं. तिच्या इवल्याशा घराला खेटून तहानीचा महाल. चिडी नीतिशास्त्राचा प्राध्यापक, निर्णय घ्यायचा म्हटलं की त्याचं पोट दुखतं, आणि पहिल्याच दिवशी त्याच्या गळ्यात एलेनॉरचं गुपित राखण्याचं वचन. जेसन बडबड्या डीजे, त्याला मौनव्रती बौद्ध भिक्षू म्हणून गप्प बसवलंय. कौतुकाला हपापलेल्या तहानीचा जोडीदार कोण, तर हाच मौनी. वस्तीत गडबड कशामुळे होते हे शोधायला मायकल मदतनीस निवडतो तीही एलेनॉरच, म्हणजे चोराच्याच हाती तपास. पहिल्यांदा हे सगळं योगायोग म्हणून पटतं, दुसऱ्यांदा प्रत्येक ठिकाणी मायकलचा हात दिसतो. चित्रीकरण सुरू होताना हा शेवट कलाकारांपैकी फक्त टेड डॅन्सन (मायकल) आणि क्रिस्टन बेल (एलेनॉर) यांना माहीत होता. बाकीच्यांना निर्माते मायकल शूर यांनी बऱ्याच उशिरा सांगितला. म्हणून उरलेल्या तिघांच्या चेहऱ्यावर त्याचा मागमूसही नाही.

लिमये आजोबा, ए-४०४: अनघा, माणसाच्या प्रत्येक कृतीला गुण देऊन स्वर्ग की नरक ठरवतात, मला त्या हिशेबाचं विशेष वाटलं. चित्रगुप्ताची वही दोन दशांश स्थळांपर्यंत! लहान मुलापुढे गाणं म्हटलं की अधिक ०.६९. पण हेतू धरतात की नुसती कृती?

अनघा, सी-७०३: आजोबा, हेतू धरतात. गुण वाढवायला म्हणून एलेनॉर लोकांसाठी दारं उघडून धरत राहते आणि आकडा हलत नाही, कारण ते स्वार्थासाठी आहे. हिशेबाचं खरं दुखणं तिसऱ्या सीझनमध्ये निघतं. १५३४ मध्ये एक माणूस आजीला गुलाब देतो, अधिक १४५. २००९ मध्ये दुसरा माणूस आजीला गुलाबच देतो, उणे ४. कारण ते मोबाइलवरून मागवलेले, मोबाइल कामगारांना पिळणाऱ्या कारखान्यातला, फुलांवर कीटकनाशकं मारलेली, तोडणाऱ्यांना मजुरी तुटपुंजी, वर लांबच्या वाहतुकीचा धूर. आपल्याकडे मावळातल्या पॉलिहाउसमधली जुडी हातात घेऊन बघा: कळ्यांवर जाळीच्या टोप्या, देठांना रबर, वरून प्लॅस्टिकचा कागद. देणाऱ्याच्या मनात फक्त आजी असते, आणि वहीत हे सगळं चढतं. म्हणून मालिकेत ५२१ वर्षांत एकही माणूस स्वर्गात पोचलेला नाही. नरकाच्या कुठल्याही दृश्यापेक्षा मला हेच जास्त भयंकर वाटतं.

देशपांडे काका, ए-१०१: हा निरोप नंतर वाचतो, आमचा चौथाच भाग चालू आहे. तिसरा सीझन रटाळ आहे असं मुलगा म्हणत होता, तेवढं सांगा.

निखिल, सी-५०३: काका, पूर्वार्ध ढिला आहे हे खरं. गोष्ट बराच काळ पृथ्वीवर रेंगाळते. पहिल्या दोन सीझनची गंमत त्या जगाच्या नियमांत होती, मागाल ते हजर करणाऱ्या जॅनेटमध्ये होती. पृथ्वीवर तिची शक्तीच चालत नाही, मग विनोद नेहमीच्या मालिकांसारखा होतो. 'जॅनेट्स' या भागापर्यंत नेट लावा. तिथे डार्सी कार्डन ही एकच नटी चौघांच्याही लकबी उचलते, आणि तिथून गाडी पुन्हा रुळावर येते.

लिमये आजोबा, ए-४०४: चौथ्या सीझनबद्दल (शेवट सांगत नाही): स्वर्गात पोचलेली माणसं सुखाने पार मंदावलेली दाखवली आहेत. हायपेशियासारख्या प्राचीन काळातल्या गणिती विदुषीलाही साधं गणित आठवत नाही. कारण तिथलं सुख कधीच संपत नाही. आपल्याकडे स्वर्ग मुदतीचा. पुण्य सरलं की परत मर्त्यलोकी, गीतेच्या नवव्या अध्यायातला २१ वा श्लोक बघा. मालिका ज्या अडचणीशी शेवटपर्यंत झटते, तिला आपल्याकडे मुळातच वाट ठेवलेली आहे. या एका मुद्द्यावर चर्चेला अर्धा तास तरी ठेवा.

सानिका, बी-६०१: आजोबांच्या मुद्द्याला जोडून एक काळजीचं. शेवटचा भाग नेहमीपेक्षा दुपटीहून मोठा आहे आणि त्यात विनोद अगदी थोडा. समाधानाने, आपल्या इच्छेने निरोप घेणं हाच त्याचा विषय. घरात नुकतंच कोणी गेलं असेल किंवा कोणी मनाने खचलेलं असेल तर तो भाग त्यांना एकट्याने बघू देऊ नका, आणि रात्री झोपताना तर नकोच. चिडी तिथे लाट आणि समुद्राचा बौद्ध दाखला देतो. ज्ञानेश्वरीत लाट आणि पाणी वारंवार येतं, त्यामुळे आपल्या ज्येष्ठांना तो भाग परका वाटणार नाही. पण आधी कल्पना द्या.

सुमेधा काकू, ए-३०२: बरं झालं सांगितलंस, सानिका. सासूबाईंबरोबर मीच बसेन तेव्हा.

निखिल, सी-५०३: तर मग उद्यापासून पहिले चार भाग. पुढच्या रविवारी सहा वाजता क्लबहाउस. चौथ्या भागापुढचं कोणी लिहिणार असेल तर अनघासारखं वर 'स्पॉयलर' लिहून खाली भरपूर रिकाम्या ओळी सोडा, म्हणजे उरलेला मजकूर दुमडला जातो. तीन टिंबं पुरत नाहीत.

अनघा, सी-७०३: बरोबर, तीन टिंबांत पहिली ओळ दिसतेच. काढून परत टाकते.