काळी टूर्मलीन की काळी काच?

ठाण्याच्या जांभळी नाक्यावर घेतलेली काळी माळ खरी टूर्मलीनची आहे का, आणि असा दगड येऊरच्या डोंगरात सापडेल का, असे हे दोन प्रश्न आहेत. येऊर काय, पारसिक काय, ठाण्याजवळचे हे सगळे बेसॉल्टचे, म्हणजे थिजलेल्या लाव्हाच्या काळ्या खडकाचे डोंगर आहेत. काळी टूर्मलीन म्हणजे शॉर्ल हे बोरॉनयुक्त सिलिकेट खनिज मुख्यतः ग्रॅनाइट आणि पेग्माटाइटमध्ये (मोठ्या स्फटिकांचा ग्रॅनाइटसारखा खडक) तयार होते, त्यामुळे तिथे शोधण्यात अर्थ नाही.

मण्यावर ओरखडा काढून काठिण्य पाहू नका, कारण ते मोह्स मापावर (एक ते दहा) सात ते साडेसात असले तरी मणी ठिसूळ असतो. त्याऐवजी भोकाच्या कडेला भिंगातून पाहा: काचेचे टवके गुळगुळीत, शिंपल्यासारखे उडतात, तर टूर्मलीन खडबडीत तुटते. सर्वांत भरवशाची कसोटी घनतेची आहे. दोरा काढलेल्या मण्यांच्या सुक्या वजनाला, पाण्यात बुडवल्यावर घटलेल्या वजनाने भागल्यास टूर्मलीनसाठी उत्तर तीन ते सव्वातीनच्या आसपास येते, साध्या काचेसाठी साधारण अडीच. कच्चा खडा असेल तर लांबीच्या दिशेने गेलेल्या बारीक रेघा आणि फुगीर बाजूंचा त्रिकोणी छेद पुरेसा असतो.

तापवल्यावर किंवा दाबल्यावर टूर्मलीनच्या टोकांवर विद्युतभार येतो, आणि म्हणूनच पाण्याखालील स्फोटांचा दाब मोजण्यासाठी ती वापरली गेली. मात्र या गुणावरून ती मोबाइलच्या लहरी शोषते असे सांगून जादा किंमत लावली जाते, त्याला कोणताही आधार नाही.

माळ कोमट साबणाच्या पाण्यानेच धुवा. वाफेच्या किंवा अल्ट्रासॉनिक यंत्रात देऊ नका.