कॅल्क्युलेटरवर दहाचा घात टाकताना ईएक्सपी (EXP) हेच बटण का वापरायचं?

एका विद्यार्थ्याने विचारलंय: ५०० नॅनोमीटर (५×१०^-७ मीटर) तरंगलांबीच्या प्रकाशाच्या फोटॉनची, म्हणजे प्रकाशकणाची, ऊर्जा काढताना उत्तर १०^-३३ च्या घरात आलंय, असं का? सूत्र (प्लँकचा स्थिरांक गुणिले प्रकाशाचा वेग भागिले तरंगलांबी) बरोबर आहे, गडबड आकडे टाकण्यात आहे.

भागिले ५ गुणिले १० चा घात -७ असं सुटं टाकलं की कॅल्क्युलेटर आधी फक्त ५ ने भागतो आणि मग १०^-७ ने गुणतो. म्हणजे जो घात छेदात हवा तो अंशात जातो आणि उत्तर १०^१४ पटीने चुकतं. त्याऐवजी ५, मग ईएक्सपी (कॅसिओच्या ईएस मालिकेत त्या बटणावर ×१०ˣ असतं), मग कंसातलं वजाचं बटण, मग ७ असं दाबा. तेव्हा ५×१०^-७ ही एकच संख्या धरली जाते. ६.६३ ईएक्सपी -३४, गुणिले ३ ईएक्सपी ८, भागिले ५ ईएक्सपी -७: उत्तर ३.९७८×१०^-१९ ज्यूल. ईएक्सपीच्या आधी "× १०" मात्र दाबू नका, नाहीतर ती संख्या दहापट होऊन उत्तर चुकेल. बारावीची कितीतरी हुशार मुलं इथेच अडकतात, म्हणून एवढं सविस्तर लिहितोय.

ऋण संख्येचा वर्ग करताना कंस हवाच. -३ चा वर्ग कंसाशिवाय टाकला तर -९ येतो.

आणि साइन ३० चं उत्तर ०.५ ऐवजी -०.९८८ दिसलं तर पडद्यावर वर डी आहे की आर ते बघा. डी म्हणजे डिग्री, आर म्हणजे रेडियन; इथे डी हवं.