शब्दचर्चा: मिश्रधातूतले 'सूक्ष्म दोष', 'कण' आणि 'स्थानच्युती'

प्रश्न: मॅग्नेशियमच्या मिश्रधातूंवर एक लेख मराठीत करतेय. प्रचंड दाब देऊन पिळलेला, अतिशय बारीक ग्रेनचा (म्हणजे बारीक स्फटिकांचा) धातू आणि त्यातले डिफेक्ट्स असा विषय आहे. 'सूक्ष्मकणी धातूतील सूक्ष्म दोष' असं लिहिलंय, वाचायला बरं वाटतं पण बरोबर आहे का? आणि डिसलोकेशनला काय म्हणायचं?

प्रतिसाद: दोष बिनधास्त ठेवा ताई, फक्त पहिल्यांदा येईल तिथे 'अणूंच्या रचनेतला दोष' असं सांगून टाका, नाहीतर लोक तडा, भेग किंवा ओतकामातली पोकळी समजतात आणि इथे तर हे दोष मुद्दाम भरलेले असतात, कारण त्यांच्यामुळेच धातू मजबूत होतो. 'सूक्ष्म' मात्र काढाच. सूक्ष्मदर्शकाखाली दिसेल असं वाटतं त्याने, आणि एक अणू जागेवर नसणं हे साध्या सूक्ष्मदर्शकात कुठून दिसणार!

'कण' ला तर माझा ठाम विरोध. हे दोष शोधायची एक मोठी पद्धत पॉझिट्रॉनची आहे, प्राग इथल्या चार्ल्स विद्यापीठात मॅग्नेशियमवर हे काम बरंच झालंय. आता पॉझिट्रॉन, म्हणजे धन प्रभाराचा इलेक्ट्रॉन, हा पण कणच, मग तुमचं वाक्य होणार 'कण कणात शिरून कणसीमेजवळ अडकतो', वाचणाऱ्याने काय समजायचं? ग्रेनला सरळ दाणा म्हणा, बारीक दाण्याचा धातू, दाण्यांची सीमा. कुणालाही कळतं.

प्रश्नकर्ती: दाणा पटला. पण व्हेकन्सी आणि डिसलोकेशन दोन्हीला 'स्थानदोष' चालेल का? शब्द कमी होतील.

प्रतिसाद: नाही चालणार, अजिबात नाही, तुमच्या विषयाचा जीवच त्या फरकात आहे. व्हेकन्सी म्हणजे रिक्त जागा, एका अणूची जागा मोकळी, ठिपक्याएवढा दोष. डिसलोकेशन ही रेघ असते, अणूंची एक अख्खी पातळी मध्येच संपते आणि तिची कड धातूतून लांबवर जाते, 1934 मध्ये टेलर, ओरोवान आणि पोलान्यी या तीन शास्त्रज्ञांनी ही कल्पना वेगवेगळी मांडली. त्याला 'स्थानच्युती' म्हणा. स्थानभ्रंश पण चालतो पण मला भ्रंश म्हटलं की जमिनीतला प्रस्तरभंग आठवतो.

आता फरक का महत्त्वाचा ते बघा. पातळ चकती दोन ठोकळ्यांमध्ये काही गिगापास्कल दाबाखाली धरून एक ठोकळा फिरवतात, दाणे शंभर-दोनशे नॅनोमीटरपर्यंत बारीक होतात आणि रिक्त जागा, स्थानच्युती दोन्ही ढिगाने तयार होतात. पण मॅग्नेशियम 650 अंशालाच वितळतं, त्यात सुट्या रिक्त जागा खोलीच्या तापमानालाही सरकतात आणि दाण्यांच्या सीमेला जाऊन नाहीशा होतात, उरतात मुख्यतः स्थानच्युती. हे कळतं कसं तर किरणोत्सारी सोडियम-22 मधून निघालेला पॉझिट्रॉन निर्दोष मॅग्नेशियममध्ये साधारण 225 पिकोसेकंद (पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग) टिकतो, स्थानच्युतीत अडकला तर 255 च्या आसपास, कारण तिथे त्याला नष्ट करणारे इलेक्ट्रॉन विरळ असतात, आणि रिक्त जागेत त्याहून जास्त. या थोड्याशा पिकोसेकंदांच्या फरकांवर सगळा निष्कर्ष उभा आहे आणि तुम्ही दोघांना एकच शब्द दिलात तर निष्कर्षच लिहिता येणार नाही.

दुसरा प्रतिसाद: वरच्याशी सहमत. एक भर, डिफॉर्मेशनला, म्हणजे दाबून-पिळून आकार बदलण्याला, 'विकृती' लिहू नका, तो शब्द आपल्याकडे स्ट्रेनसाठी, म्हणजे आकार किती प्रमाणात बदलला त्या मापासाठी, वापरतात. 'विरूपण' घ्या, सिव्हियर डिफॉर्मेशनला 'तीव्र विरूपण'. आणि पॉझिट्रॉनचं 'मरण' 'विनाश' वगैरे नको, 'विलोपन' छान आहे, इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन दोघंही जातात आणि बहुतेक वेळा प्रत्येकी 511 किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे दोन गॅमा किरण निघतात हे त्यात बसतं.

प्रश्नकर्ती: मग शीर्षक असं करते, 'तीव्र विरूपणानंतर बारीक दाण्याच्या मॅग्नेशियम मिश्रधातूंतील रचनादोष'. लांब आहे जरा.

प्रतिसाद: लांब असू दे, बरोबर आहे. फक्त 'रचनादोष' ऐवजी 'अणुरचनेतील दोष' करा, रचनादोष म्हटलं की पूल नाहीतर इमारत डोळ्यासमोर येते.