यादी पाठ आहे, पेपरात उडते: इंग्रजीचे प्रिफिक्स-सफिक्स पक्के कसे करायचे?

मोटरघर_यावल
रामराम मंडळी. यावल तालुक्यातला आहे. घरी तीन एकर कांदेबाग केळी आहे, दिवसा तालुक्याच्या अभ्यासिकेत बसतो. रात्रीची लाइट असली की ठिबक चालू करून मोटरच्या खोलीतच पुस्तक उघडतो, म्हणून हे नाव.

2023 च्या तलाठी भरतीत इंग्रजीचे 25 प्रश्न होते, एकेक दोन मार्कांचा. रिस्पॉन्स शीट उघडली तर माझे 12 बरोबर. टेन्स, व्हॉइस यांत फार मार खात नाही. शब्द आले की हात थरथरतो. पुढच्या भरतीसाठी एक क्लास लावला. त्यांनी प्रिफिक्स-सफिक्सची, म्हणजे शब्दाच्या आधी आणि शेवटी लागणाऱ्या तुकड्यांची, चार पानांची झेरॉक्स हातात दिली आणि म्हणाले, पाठ करा. ती मोटरच्या खोलीत स्टार्टरशेजारी चिकटवली आहे. महिन्याभरात डोळे मिटून म्हणता येते.

परवा सराव चाचणी झाली. त्यात प्रिफिक्स लावून उलट अर्थाचे शब्द करायचे होते. लीगलचं इल्लीगल बरोबर आलं. पॉसिबलचं इम्पॉसिबल आलं. पुढे पॉप्युलर होतं. म्हटलं, पी आहे ना, मग ठोकलं इम्पॉप्युलर. लॉफुलला इल्लॉफुल. एबलला अनेबल लिहिलं ते जमलं, त्याच जोशात अ‍ॅबिलिटीला अनअ‍ॅबिलिटी. शेजारचा पोरगा तर इतका हसला की अभ्यासिकेच्या काकांनी दोघांना बाहेर काढलं.

आता सांगा, यात काही नियम आहे की नुसती घोकंपट्टी? नियम असेल तर चार पानांत तो एका ओळीतही का नाही?

टॉपर_होणारच
पर्याय नाही मित्रा. रोज 50 शब्द, सहा महिने. बाकी सगळे बहाणे.

मोटरघर_यावल
भाऊ, 50 शब्द पाठच करतोय. अडचण पाठ होण्याची नाहीच, वर लिहिलंय ते वाचलं का?

धुळ्याची_ताई
तुझी चूक मला आवडली, कारण तीच मी केली होती. आता एका सरकारी कार्यालयात लिपिक आहे, म्हणजे कधीतरी सुटते ती.

तू मराठीच्या पेपरासाठी संधी करतोस ना? उत् + लेख = उल्लेख. उत् + लंघन = उल्लंघन. त् पुढे ल् आला की त्याचाही ल् होतो, कारण जिभेला ते सोपं जातं. आता इन + लीगल बघ. इल्लीगल. तोच खेळ. इन + रेग्युलर = इर्रेग्युलर. आणि पी, बी, एम ही ओठांची अक्षरं, म्हणून त्यांच्याआधी एनचाही ओठांचा एम होतो: इम्पॉसिबल, इम्बॅलन्स, इम्मॉरल. म्हणजे इल, इर, इम हे वेगळे तीन प्रिफिक्स नाहीतच. एकच इन, संधी झालेला. झेरॉक्सवर ते चार ओळींत असतील, तू एका ओळीत लिही.

आता तुझा घात कुठे झाला ते. 'अन' हा वेगळा माणूस आहे. इन लॅटिनमधून आला, अन मूळचा इंग्रजीचा. आणि अन आडमुठा आहे, संधी करतच नाही. समोर पी असो, एल असो, आर असो, तो तसाच: अनपॉप्युलर, अनलॉफुल, अनरिलायबल. तेव्हा पहिलं अक्षर बघून इम की इल हे तेव्हाच ठरवायचं, जेव्हा तो शब्द इनच्या घरचा आहे हे माहीत असेल. आधी घर, मग संधी. तू उलटं केलंस.

घर ओळखायचं कसं? शंभर टक्के खात्रीची खूण नाही, पण शेवटी फुल, ईडी किंवा आयएनजी दिसलं तर बहुतेक वेळा अन: अनफेथफुल, अनएज्युकेटेड, अनविलिंग. शेवटी आयबीएलई असेल तर बहुतेक इनचं घर: इनव्हिजिबल, इल्लेजिबल, इर्रिस्पॉन्सिबल. एबीएलई मात्र दोन्ही डगरींवर पाय ठेवतो. अनरिलायबल आणि इनकेपेबल दोन्ही आहेत, तिथे शब्दच लक्षात ठेवावा लागतो.

एबल आणि अ‍ॅबिलिटीचा घोटाळा हा खरा सापळा आहे, तो वहीच्या पहिल्या पानावर लिही. अनेबल पण इनअ‍ॅबिलिटी. अनइक्वल पण इनइक्वॅलिटी. अनस्टेबल पण इन्स्टॅबिलिटी. अनजस्ट पण इनजस्टिस. या जोड्यांत विशेषणाला अन, त्याच शब्दाचं नाम झालं की इन. या चार जोड्या मी ऑफिसला जाता-येता बसमध्ये म्हणायचे, शेजारची बाई एकदा विचारत होती की पोथी कोणती.

गंमत म्हणजे आपला 'अन्' पण याच कुळातला, दूरचा भाऊ. अनावश्यक, अनोळखी. व्यंजन आलं की नुसता अ: अशक्य, अपूर्ण.

नंदुरबारी_मिर्ची
ताई, डिसचं राहिलं.

धुळ्याची_ताई
डिसला नियम शोधू नकोस. डिसऑनेस्ट, डिसलॉयल, डिसओबीडियंट, पाच-सहा विशेषणं पाठ कर. फक्त मिसशी गल्लत नको. मिस म्हणजे 'चुकीचं', 'नाही' असं नव्हे. मिसअंडरस्टँड म्हणजे कळलं, पण भलतंच कळलं.

केळी_सावदा
मी इंग्रजीवाला नाही, केळीच्या पॅकहाउसवर असतो. पण यावलच्या भावाला एक सांगतो. आपल्याकडे राइपनिंग चेंबर आहे हे तुला माहीत आहे, कच्चा माल आत जातो, इथिलीन देतात, पिवळा होऊन बाहेर पडतो. हा शब्द आपण रोज बोलतो आणि कधी फोडत नाही. राइप म्हणजे पिकलेलं. त्याला ईएन लावला, राइपन, पिकवणं. त्याला आयएनजी, राइपनिंग. पुढून अन लावला, अनराइप, कच्चं. ओव्हर लावलं, ओव्हरराइप, जो माल एक्सपोर्टवाला परत पाठवतो. नेस लावला, राइपनेस. एका घडाच्या फण्या मोजाव्यात तसे सहा शब्द झाले.

आणि एक्सपोर्ट घे. पोर्ट म्हणजे वाहून नेणं. एक्स बाहेर, इम आत, ट्रान्स पलीकडे, री मागे. रिपोर्ट म्हणजे बातमी मागे आणून देणं. माझ्या पोरीने हे सांगितलं तेव्हा मला कळलं की मी वीस वर्षं लॅटिन बोलतोय.

अमळनेरचे_मास्तर
बाळा, पुढचं सगळे सांगून गेले, शेपटाकडे कोणी बघितलं नाही. निवृत्त शिक्षक आहे, सवयीने लिहितो.

आमच्या अहिराणीत आम्ही 'वावरमा' म्हणतो, 'घरले' म्हणतो. शेतात, घराला. मा आणि ले शाळेत कोणी शिकवलं नव्हतं. शेपूट ऐकलं की शब्द वाक्यात काय काम करतोय ते कळतं. इंग्रजी सफिक्सचंही तेवढंच काम आहे. नेस, मेंट, टी-आय-ओ-एन दिसलं की नाम. फुल, लेस, ओ-यू-एस दिसलं की विशेषण. रिकामी जागा दिली असेल तर अर्थ कळण्याआधी जागा बघ. मागे 'द' आणि पुढे 'ऑफ' असेल तर मध्ये नामच बसणार. चारपैकी दोन पर्याय तिथेच गळतात.

एल-वायला मुलं नेहमी फसतात. ते दिसलं की क्रियाविशेषण, असं पाठ केलेलं असतं. मग फ्रेंडली, कॉस्टली, लव्हली, काउअर्डली आले की चूक. मूळ शब्द बघायचा. विशेषणाला एल-वाय लागला, स्लो-स्लोली, तर क्रियाविशेषण. नामाला लागला, फ्रेंड-फ्रेंडली, कॉस्ट-कॉस्टली, तर विशेषण. डेलीसारखे काही दोन्ही कामं करतात, ते सोड.

स्पेलिंगबद्दल एकच. प्रिफिक्स लावताना मूळ शब्दाला हात लावायचा नाही. मिस + स्पेल, म्हणून दोन एस. डिस + अपॉइंट, म्हणून एस एक आणि पी दोन. उलथापालथ सगळी शेपटाला होते. हॅपीचा वाय जाऊन हॅपीनेसमध्ये आय येतो. नोटिसेबलमध्ये ई ठेवतात, कारण ती काढली तर सी-ए होऊन 'क' वाजेल. कारण कळलं की फळ्यावर दहा वेळा लिहावं लागत नाही. मी पोरांना लिहायला लावायचो, ते चुकलंच.

मोटरघर_यावल
मास्तर, ताई, सावद्याचे दादा, तिघांनाही नमस्कार. काल रात्री झेरॉक्स काढून टाकली. त्या जागी खडूने भिंतीवरच दोन घरं काढली, अनचं आणि इनचं, आणि चाचणीतले सगळे शब्द त्यात टाकले. 22 पैकी 18 बसले.

एक अडलं. मुंबई-आग्रा रोडवर पेट्रोलच्या टँकरवर मागे 'हायली इन्फ्लेमेबल' लिहिलेलं असतं. इन म्हणजे नाही, तर मग 'न पेटणारं' झालं की. टँकरवर असं का लिहितील?

धुळ्याची_ताई
शाब्बास, हा प्रश्न यायलाच हवा होता. इन दोन आहेत. एक 'नाही'वाला, दुसरा 'आत'वाला, इम्पोर्टमधला. इन्फ्लेम म्हणजे पेटवणं, त्याला एबल लागलाय. म्हणून फ्लेमेबल आणि इन्फ्लेमेबल दोन्हींचा अर्थ पेटणारं, आणि न पेटणारं म्हणजे नॉनफ्लेमेबल. असाच इनव्हॅल्युएबल. तिथे इन 'नाही'वालाच आहे, पण अर्थ 'किंमत नसलेलं' नव्हे, तर ज्याची किंमत करता येत नाही असं, अमूल्य. आपल्या अमूल्यातही अ आहे, बघ.

उरलेले चार कोणते ते टाक.

मोटरघर_यावल
डिसअ‍ॅपिअर, मिसलीड, नॉनसेन्स, अनटिल.

धुळ्याची_ताई
पहिले तीन दोन्ही घरांच्या बाहेरचेच आहेत, त्यांना तिसरा कोपरा दे. डिसअ‍ॅपिअरमध्ये एस एक, पी दोन. आणि अनटिलमधला अन प्रिफिक्स वाटतो पण 'नाही' म्हणत नाही, त्याला भिंतीवरून पुस.

मोटरघर_यावल
पुसला. लाइट गेली, खडू सापडत नाही, कोपरा उद्या काढतो.