सोलला एकटाच चाललोय, कोरियन शून्य. काय शिकून जाऊ?

बिनधागा

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात नऊ दिवस सोलला जातोय. सोबत येणारा मित्र ऐनवेळी गळला आणि माझं तिकीट रद्द होत नाही, म्हणून एकटाच. परदेशात आधी गेलोय, पण ग्रुपबरोबर, झेंडी धरलेल्या माणसाच्या मागे मागे.

भीती दोन गोष्टींची. एक म्हणजे हरवायची, ती चालेल एकवेळ. दुसरी खरी आहे: मला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे. पुरळबिरळ नाही, घसा बंद होतो. इंजेक्शन कायम जवळ असतं.

पन्नास कोरियन वाक्यांची एक पीडीएफ उतरवून घेतलीय. तीन दिवसांत चार पाठ झाली, त्यातली दोन आज सकाळी विसरलो. या पाठांतरात काही अर्थ आहे का?

खिडकीसीट

पाठांतर सोडा हो. भाषांतराचं अ‍ॅप घ्या, त्यात कोरियन ऑफलाइन उतरवून ठेवा, कॅमेरा धरला की पाटी वाचून देतं. नकाशासाठी नेव्हर मॅप. गूगलवर चालत जायचा रस्ता मिळत नाही, निदान मी गेलो तेव्हा तरी मिळत नव्हता. बास. उगाच टेन्शन घेऊ नका.

चालतीबोलती

नेव्हर मॅपला शंभर टक्के अनुमोदन. बाकीच्याबद्दल माझं मत वेगळं आहे, कारण मीही अकरा दिवस फोनच्या जिवावर काढायला निघाले होते आणि दुसऱ्याच संध्याकाळी त्याने मान टाकली. दिसेल त्या पाटीवर कॅमेरा रोखत फिरलं की दुसरं काय होणार?

बिनधागा, त्या पन्नास वाक्यांचा घोळ असा आहे की तुम्ही घोकून घोकून 'स्टेशन कुठे आहे' अगदी नीट विचारता. समोरचा खूश होतो आणि भरभर वीस शब्दांचं उत्तर देतो. आता? त्यापेक्षा वाक्यं टाकून द्या आणि अक्षरं शिका. नुसती अक्षरं.

त्यांची लिपी हांगुल, ती चिनीसारखी हजारो चिन्हांची नाही. मूळ व्यंजनं १४, स्वर १०. राजा सेजोंगने ती मुद्दाम बसून घडवली, १४४३ साली तयार झाली आणि १४४६ साली जाहीर केली. आपण शाळेत कंठ्य, दंत्य, ओष्ठ्य म्हणून जे घोकलं ते तिथे अक्षराच्या आकारातच आहे. न म्हणताना जिभेचं टोक वर जाऊन टेकतं, तसा त्यांचा न एक कोपरा आहे. म म्हणजे तोंडाचा चौकोन. स्वर म्हणजे एक काठी आणि तिला फुटलेली फांदी. उभ्या काठीला उजवीकडे फांदी असली की आ, आडव्या काठीला वर असली की ओ, खाली असली की उ. व्यंजन आणि स्वर एकाच ठोकळ्यात बसवायचे, म्हणजे आपली बाराखडीच की. मला चार संध्याकाळी लागल्या. तेही जाण्याआधी सामान भरायचा कंटाळा आला म्हणून घेऊन बसले होते.

तर ती दुसरी संध्याकाळ. अंगात कणकण, घसा असा सुजलेला की आवंढा गिळवेना, आणि फोन बंद. होंगिक युनिव्हर्सिटी स्टेशनजवळच्या गल्ल्या, चहूकडे दिवे, पाट्यांवर पाट्या. मी एकच ठोकळा शोधत होते. वर डावीकडे गोल, शेजारी उभी काठी, काठीला उजवीकडे दोन फांद्या, खाली एक उलटा कोपरा (हा क). 'याक'. म्हणजे औषध. तिथल्या औषधाच्या दुकानावर पुष्कळदा हा एकटाच ठोकळा भलामोठा करून लावलेला असतो. तिसऱ्या वळणावर दिसला.

आतल्या काकूंना मी गळा दाखवला. त्यांनी मला 'आ' करायला लावलं, आत डोकावून बघितलं आणि गोळ्या काढल्या. मग पाकिटावर पेनने ३ लिहिले, त्यापुढे एक वाडगा काढला, वाडग्यावर वाफेच्या दोन रेघा, मग बाण आणि ३०. दिवसातून तीनदा, जेवल्यावर अर्ध्या तासाने. आम्ही दोघी एक अक्षर बोललो नाही. ते पाकीट मी अजून टाकलेलं नाही.

इंग्रजी स्पेलिंगवर मात्र विसंबू नका. शहराचं नावच घ्या. 'सॉ' आणि 'उल' असे दोन ठोकळे, आणि इंग्रजीवरून लोक काय काय वाचतात! पूर्वी मेट्रोच्या दोन नंबरच्या लाइनवर सिन्छोन आणि सिन्छॉन अशी दोन स्टेशनं होती, एक पश्चिमेला आणि एक पार आग्नेयेला. हांगुलमध्ये फरक फक्त एका स्वराचा. शेवटी २०१६ मध्ये दुसऱ्याचं नाव बदलून जामशिलसेने केलं. तिथल्या लोकांचाही गोंधळ व्हायचा म्हणजे बघा.

आता तुमचा शेंगदाणा. त्याला म्हणतात 'त्तांगखोंग'. त्तांग म्हणजे जमीन, खोंग म्हणजे शेंगेतला दाणा. आपला भुईमूगच! दोन ठोकळे आहेत आणि दोघांच्याही तळाशी गोल. पुड्यांवर घटकांच्या यादीजवळ अ‍ॅलर्जीच्या पदार्थांची वेगळी चौकट असते, तिथे ही जोडी शोधायची. अ‍ॅपने चुकीचं भाषांतर केलं तरी डोळे चुकत नाहीत.

संधिविग्रह

ताई, अर्धं मान्य. दोन वर्षं कोरियन शिकतोय म्हणून उरलेल्या अर्ध्याबद्दल लिहितो.

वाचता येणं आणि ते बोलून समोरच्याला कळणं यात अंतर आहे. तीन नंबरच्या लाइनवर एक स्टेशन आहे. ठोकळे वाचले तर दोक-रिप-मुन. कोणाला असं विचारलंत तर बघतच राहील, कारण म्हणतात 'तोंगनिम्मुन'. घाबरू नका, हे आपल्याकडेही आहे. वाक् + मय = वाङ्मय. क पुढे म आला की ङ होतो, नेमका तोच नियम. आपण फक्त तसं लिहितो, ते लिहीत नाहीत. म्हणून वाचा भरपूर, पण विचारताना पाटीवर किंवा कागदावर बोट ठेवा. स्टेशनांना नंबरही असतात (होंगिक २३९), बाहेर पडायच्या दारांनाही असतात. आकडे दाखवून पुष्कळ काम होतं.

शेंगदाण्याच्या बाबतीत मात्र डोळ्यांच्या भरवशावर अजिबात राहू नका, ताईंचा राग नको. चौकट पुड्यावर असते. छोट्या खानावळीतल्या वाटणात काय पडलंय ते कुठल्याच पाटीवर नसतं. कार्ड करून घ्या, आणि ते अ‍ॅपकडून नको, कोरियन येणाऱ्या माणसाकडून. त्यात 'अ‍ॅलर्जी आहे' एवढंच पुरत नाही. कूट, तेल, सॉस, त्याच कढईत आधी काही परतलेलं, हे सगळं लिहा आणि खाल्लं तर दवाखान्यात न्यावं लागेल हेही लिहा. आवडनिवड समजून हसून सोडून देतात, असा माझा अनुभव आहे.

१३३० हा पर्यटकांसाठीचा नंबर सेव्ह करा. इंग्रजीत बोलतात, आणि फोन समोरच्याच्या हातात दिला तर दुभाषाचं कामही करतात. अ‍ॅम्ब्युलन्स ११९, पोलीस ११२.

चालतीबोलती

राग कसला, कढईचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. कार्ड हवंच. आणि वाङ्मयाचं उदाहरण मी आता सगळ्यांना ऐकवणार.

खिडकीसीट

पॉवर बँक नावाचा एक शोध लागलाय. सहज सांगितलं.

बिनधागा

सगळ्यांचे आभार. पीडीएफ डिलीट केली. चार दिवस झाले, स्वर येतात, उजवी आणि डावी फांदी अजून उलटसुलट होते. काल नेव्हर मॅप उघडून दोन नंबरच्या लाइनची स्टेशनं वाचायला बसलो. त्रेचाळीसपैकी अकरा धड वाचता आली. ती लाइन गोल आहे हे तेव्हा कळलं, म्हणजे उलट्या गाडीत बसलो तरी कधीतरी पोचेनच.

संधिविग्रह, कार्डाचा मजकूर मराठीत लिहून व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, जमेल तेव्हा बघा. एक शंका: 'याक'मध्ये गोल वर आहे आणि त्याचा आवाज काहीच नाही, पण त्तांगखोंगमध्ये खाली आहे तर 'ङ' कसा?

संधिविग्रह

वर असला की मुका, खाली असला की ङ. व्यनि मिळाला. 'थोडासा चालेल' हे वाक्य तुम्ही का घातलंय? ते काढतो.

बिनधागा

सवयीने लिहिलं गेलं. काढा काढा.